कसं दुखतं, ते सांगा

‘डोकं दुखतंय, काहीतरी द्या.’ मेडिकलच्या काउंटरवर एवढं सांगितलं तरी गोळी मिळते. तोच माणूस डॉक्टरांसमोर बसला की प्रश्न सुरू होतात. कुठे दुखतं, किती वेळ दुखतं, महिन्यातून कितीदा, उलटी होते का, दुखत असताना चालवतं का? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘असंच, सगळंच डोकं.’

हे उत्तर अपुरं पडतं, कारण डोकेदुखी ही एक गोष्ट नाही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ साली डोकेदुखीची पहिली सविस्तर वर्गवारी प्रसिद्ध केली. २०१८ साली तिची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यात दोनशेहून अधिक प्रकार आहेत. घराघरांत आढळणारे प्रकार मात्र मोजकेच. गंमत नव्हे, अडचण अशी, की हे नेहमीचे प्रकार रक्ताच्या तपासणीत दिसत नाहीत आणि एमआरआयमध्येही दिसत नाहीत. त्यांचं निदान रुग्ण जे सांगतो त्यावरूनच होतं. म्हणून आपलं डोकं कसं दुखतं हे नीट पाहणं आणि नेमक्या शब्दांत सांगणं, इथूनच उपचार सुरू होतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. डोकं दुखतं तेव्हा मेंदू दुखत नसतो. मेंदूच्या पेशींना वेदना कळतच नाही. त्यामुळे काही शस्त्रक्रिया रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत करता येतात. वेदना कळते ती मेंदूवरच्या आवरणांना, रक्तवाहिन्यांना, टाळूच्या आणि मानेच्या स्नायूंना, डोळे, दात आणि सायनस यांना. या भागांतल्या बऱ्याचशा वेदना ‘ट्रायजेमिनल’ नावाच्या चेतातंतूमार्फत मेंदूच्या बुंध्याशी पोचतात. मानेच्या वरच्या मणक्यांकडून येणारे चेतातंतूही तिथेच येऊन मिळतात. त्यामुळे बिघाड मानेत असतो आणि दुखतं कपाळ, किंवा दाढ किडलेली असते आणि ठणकतं कानशील. दुखण्याची जागा सांगणं गरजेचं आहेच, पण तेवढ्यावर निदान होत नाही.

डॉक्टर सगळ्या डोकेदुखींचे दोन मोठे गट करतात. पहिल्या गटात डोकेदुखी हाच आजार असतो. दुसऱ्या गटात ती ताप, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, डोळ्यांचा विकार अशा वेगळ्याच आजाराची खूण असते. बहुतेकांची डोकेदुखी पहिल्या गटातली असते.

दुखत असताना माणूस काय करतो?

पहिल्या गटातले तीन मुख्य प्रकार ओळखायला हा एकच प्रश्न बराच उपयोगी पडतो.

पहिला माणूस कपाळ चोळतो, बाम लावतो आणि काम चालू ठेवतो. याची डोकेदुखी ताणाची, म्हणजे ‘टेन्शन टाइप’ असण्याची शक्यता जास्त. दोन्ही बाजूंना, कपाळापासून मानेपर्यंत आवळल्यासारखं, जड वाटतं. ठणका नसतो, उलटी होत नाही, जिना चढल्याने दुखणं वाढत नाही. अर्ध्या तासात थांबेल किंवा आठवडाभरही रेंगाळेल. अपुरी झोप, काळजी, तासन्‌तास मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर वाकलेली मान, टळलेलं जेवण ही नेहमीची कारणं. नावात ‘टेन्शन’ असलं तरी प्रत्येक वेळी मनावर ताण असतोच असं नाही. डोक्याभोवतीचे आणि मानेचे स्नायू दाबले तर हुळहुळे लागतात. कधीमधी एखादी साधी वेदनाशामक गोळी घ्यायला हरकत नाही. पण नियमित चालणं, मानेचे व्यायाम आणि वेळेवर झोप यांचा फायदा जास्त टिकतो. महिन्यातले पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस डोकं दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जावं.

दुसरा माणूस दिवा मालवतो, खिडकी लावून घेतो, ‘टीव्हीचा आवाज कमी करा’ म्हणतो आणि आडवा होतो. ही अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन. नाव अर्धशिशी असलं तरी सगळ्यांचंच अर्धं डोकं दुखत नाही. बऱ्याच जणांना दोन्हीकडे दुखतं. ठणका, मळमळ किंवा उलटी, उजेड आणि आवाज सहन न होणं, हालचालीने दुखणं वाढणं ही तिची लक्षणं आहेत. उपचार केला नाही तर एक झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. लहान मुलांमध्ये तो यापेक्षा कमी वेळ टिकतो आणि बहुधा दोन्ही बाजूंना दुखतं.

तिसऱ्या माणसाला एका जागी बसवत नाही. तो येरझाऱ्या घालतो, डोकं गच्च धरतो, कधी भिंतीवर आपटतो. एकाच डोळ्याच्या मागे किंवा भोवती अतिशय तीव्र कळ येते. त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणावतो, नाकपुडी चोंदते, पापणी खाली येते. ही ‘क्लस्टर’ डोकेदुखी. तिचा एक झटका पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत असतो आणि दिवसात आठ वेळासुद्धा येऊ शकतो. पुष्कळदा रात्री ठरावीक वेळेला ती झोपेतून उठवते. काही आठवडे किंवा महिने हा फेरा चालतो, मग कित्येक महिने काहीच होत नाही. प्रमाण कमी, पण पुरुषांमध्ये जास्त. साध्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. मास्कमधून जास्त प्रवाहाने दिलेला शुद्ध प्राणवायू आणि सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन यांनी झटका आटोक्यात येतो. म्हणून ही लक्षणं ओळखीची वाटली, तर थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जाणंच योग्य.

अर्धशिशीचा दिवस

अर्धशिशी समजून घ्यायला थोडा जास्त वेळ द्यायला हवा, कारण तिचा त्रास असणारी माणसं आपल्याभोवती खूप आहेत. बंगळुरू परिसरातल्या शहरी आणि ग्रामीण भागात झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्या प्रौढांचं प्रमाण सुमारे २५ टक्के निघालं. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांना हा त्रास दुपटी-तिपटीने होतो.

झटका डोकं दुखायच्या आधीच सुरू झालेला असतो. आदल्या दिवशीपासून जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. मग चॉकलेट खाल्लं जातं, दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं आणि दोष चॉकलेटला लागतो. प्रत्यक्षात ती इच्छा हीच पुष्कळदा झटक्याची पहिली पायरी असते.

काहींना, साधारण तिघाचौघांत एकाला, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे विचित्र दृश्य दिसतं. वाचता वाचता एक अक्षर गायब होतं. त्या जागी लुकलुकणारा ठिपका दिसतो. ठिपका वाढतो, त्याची नागमोडी, चमचमती कड चंद्रकोरीसारखी पसरते आणि वीसेक मिनिटांत नजरेच्या एका बाजूला सरकून विरते. डोळे मिटले तरी ते दिसतच राहतं, कारण बिघाड डोळ्यात नसतो, मेंदूच्या मागच्या भागात असतो. ह्युबर्ट एअरी या इंग्लिश डॉक्टरने स्वतःला दिसणाऱ्या या आकृतीची टप्प्याटप्प्यांची चित्रं १८७० साली प्रसिद्ध केली; ती आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात. याला ‘ऑरा’ म्हणतात. कुणाला हातापासून तोंडापर्यंत मुंग्या येतात, कुणाला शब्द सापडत नाहीत. ऑरा हळूहळू पसरतो आणि तासाभरात ओसरतो. पक्षाघात मात्र एकदम येतो. तरीही असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत असेल, तर घरी फरक ओळखायचा प्रयत्न करू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावं.

हे का घडतं? अर्धशिशीची प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यातून येते. ‘आईचंही असंच दुखायचं’ हे वाक्य म्हणूनच डॉक्टरांना महत्त्वाचं वाटतं. अशा व्यक्तीचा मेंदू बदलांना जास्त संवेदनशील असतो. झटक्याच्या वेळी ट्रायजेमिनल चेतातंतूंच्या टोकांतून ‘सीजीआरपी’ नावाचं द्रव्य सुटतं आणि आवरणांतल्या रक्तवाहिन्यांभोवती वेदनेची साखळी सुरू होते. या शोधासाठी लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन या चौघांना २०२१ सालचं ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं. हे द्रव्य रोखणारी औषधं आता वापरात आहेत.

संवेदनशील मेंदूला बदल सोसत नाही, हे एकदा लक्षात आलं की झटक्यांची निमित्तं आपोआप ओळखू येतात. संकष्टीचंच पाहा. सकाळपासून पोटात काही नाही, कडक उपास म्हणून रोजचे तीन कप चहा बंद, दिवसभर पाणीही कमी. संध्याकाळी पाच-सहापर्यंत कपाळ धरतं आणि चंद्रोदयाला ताटावर बसेपर्यंत मळमळ सुरू झालेली असते. इथे तीन कारणं एकत्र आली : उपाशी राहणं, चहा तुटणं आणि पाणी कमी पडणं. चहा-कॉफीची रोजची सवय एकदम मोडली, तर चोवीस तासांच्या आत निव्वळ त्यामुळेही डोकं दुखतं. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनी उपासाच्या दिवशी दर तीन-चार तासांनी दूध, फळ, राजगिऱ्याचा लाडू असं काहीतरी घ्यावं आणि चहा सोडायचा असेलच तर तो काही आठवड्यांत हळूहळू कमी करावा.

डोक्यावरून न्हाणं हे असंच दुसरं निमित्त. केस धुतले की डोकं दुखतं, असं सांगणाऱ्या बायकांना पूर्वी कुणी फारसं मनावर घेत नसे. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं २००६ साली ‘सेफालॅल्जिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली, आणि लांब केस, ते बराच वेळ ओले राहणं आणि अर्धशिशी यांचा संबंध वैद्यकीय नोंदीत आला. अशांनी केस लवकर वाळवावेत, रिकाम्या पोटी न्हाऊ नये आणि तरीही दुखत असेल तर न्हाण्याआधी औषध घ्यायचं का, हे डॉक्टरांना विचारावं.

याशिवाय कडक ऊन, मिरवणुकीतला दणदणाट, उग्र अत्तराचा वास, पाळीच्या सुमारास घटणारं इस्ट्रोजेन, रविवारी उशिरापर्यंत झोपणं. प्रत्येकाची निमित्तं वेगळी असतात आणि बहुधा दोन-तीन एकत्र आल्याशिवाय झटका येत नाही. म्हणून पथ्यांची लांबलचक यादी पाळण्यापेक्षा जेवण, झोप आणि पाणी यांच्या वेळा सांभाळणं जास्त उपयोगी.

पित्त, सायनस, नंबर आणि बीपी

मराठी घरांत डोकेदुखीला चार कारणं चिकटवली जातात. ती तपासून पाहायला हवीत.

‘पित्ताने डोकं चढलंय, उलटी झाली की उतरेल.’ यातलं निरीक्षण खरं आहे. उलटी झाल्यावर काहींना आराम पडतो. पण उलटी आणि मळमळ हे अर्धशिशीचेच भाग आहेत. झटक्याच्या वेळी जठराचं कामही मंदावतं. म्हणून वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेऊनही झटके येतच राहतात. घशात बोटं घालून उलटी काढण्याने त्रास वाढतो, शरीरातलं पाणीही जातं. जठर मंदावल्यामुळे गोळी उशिरा लागू पडते, म्हणून झटक्याचं औषध दुखणं सुरू होताच घ्यायचं असतं, असह्य होईपर्यंत थांबायचं नसतं.

‘सायनसचा त्रास आहे.’ अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सायनसची डोकेदुखी समजली गेलेल्या सुमारे तीन हजार लोकांना तपासलं, तेव्हा त्यांतल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीच्या प्रकारात बसली. अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि गालफडं जड होतात. फसगत होते ती इथेच. सायनसच्या संसर्गात घट्ट, पिवळा-हिरवा शेंबूड, ताप, वास न येणं अशी लक्षणं सोबत असतात.

‘चष्म्याचा नंबर वाढला असेल.’ नंबर चुकीचा असेल तर वाचनानंतर डोळे आणि कपाळ दुखू शकतं, पण ठणका आणि उलटी याने होत नाही. डोळे एकदा तपासून घ्यावेत आणि नंबर ठीक निघाला तर शोध तिथेच थांबवू नये.

‘बीपी वाढलं असेल.’ रक्तदाब थोडा वाढल्याने सहसा डोकं दुखत नाही. म्हणून तर तो वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. दाब अचानक १८०/१२०च्या पुढे गेला तर डोकं दुखू शकतं आणि ती तातडीची वेळ असते. ‘माझं डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी ठीक आहे’ असं मानून रक्तदाबाची गोळी बंद करणारेही असतात. तसं कधीही करू नये.

गोळीमुळे दुखणारं डोकं

डोकं दुखतं म्हणून गोळी, गोळीचा असर उतरला की पुन्हा डोकं, म्हणून पुन्हा गोळी. पर्समध्ये पट्टी, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दुसरी. सकाळी उठल्या उठल्या डोकं धरलेलं असतं. वेदनाशामकांच्या अतिवापराने होणारी ही डोकेदुखी वर्गवारीत स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेली आहे. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी किंवा ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या गटातलं, झटका थांबवणारं औषध) दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळीच डोकं दुखवायला लागते. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत कॅफीन असतं, हे पट्टीच्या मागे वाचून पाहावं.

यावर उपाय आहे. गोळ्या थांबवल्यावर सुरुवातीचे दिवस डोकं जास्त दुखतं, मग हळूहळू बहुतेकांना फरक पडतो. तो अवघड काळ डॉक्टरांच्या मदतीने, झटके टाळणारं रोजचं औषध सुरू करून पार पाडावा.

वेळ न घालवता रुग्णालयात

दुसऱ्या गटातली डोकेदुखी विरळा, पण तिला उशीर परवडत नाही. पुढीलपैकी काहीही दिसलं तर बाम आणि सुंठेचा लेप यांत वेळ घालवू नये.

- काही सेकंदांत, फार तर मिनिटाभरात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधीच झाली नव्हती अशी कळ. मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असू शकतो.
- ताप, मान आखडणं, गुंगी किंवा अंगावर पुरळ. मेंदूज्वराची शक्यता असते.
- हातपाय लुळे पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, फिट येणं.
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. विशेषतः केस विंचरताना कानशील दुखत असेल, घास चावताना जबडा भरून येत असेल, तर रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि उशीर झाला तर दृष्टी जाते.
- डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत वलयं, उलट्या. काचबिंदूचा तीव्र झटका असा येतो.
- गरोदरपणाच्या वीस आठवड्यांनंतर डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे आणि सूज. किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत न थांबणारी डोकेदुखी.
- डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी, खास करून रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर.

आणखी दोन धोके आपल्या घरांतले. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावला, की त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. आंघोळ करताना डोकं दुखायला लागलं, गरगरलं, तर लगेच मोकळ्या हवेत यावं. गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा. दुसरा धोका पावसाळ्यातला. तापासोबत डोकं आणि डोळ्यांच्या मागे दुखत असेल तर डेंगी असू शकतो. अशा तापात ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्यावं.

डॉक्टरांकडे जाताना

एक साधी वही किंवा मोबाइलमधलं कॅलेंडर पुरतं. तारीख, दुखणं सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, जागा, ठणका की जडपणा, उलटी किंवा उजेडाचा त्रास, त्या दिवशीची झोप आणि जेवण, पाळीची तारीख, घेतलेली गोळी आणि तिने पडलेला फरक. अशा दोन-तीन महिन्यांच्या नोंदी डॉक्टरांना एका नजरेत बरंच काही सांगतात. पुष्कळदा त्यामुळे महागडा स्कॅनही टळतो.

आधी आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे जावं. महिन्यातून चार किंवा अधिक दिवस अर्धशिशी होत असेल, तर फक्त झटका थांबवणारं औषध पुरत नाही. झटके कमी करणाऱ्या रोजच्या औषधाबद्दल विचारावं. दमा असेल तर तो सांगावा, कारण नेहमी दिलं जाणारं प्रोप्रानोलॉल अशांना चालत नाही. हृदयविकार किंवा पूर्वीचा पक्षाघात सांगावा, कारण ट्रिप्टान देता येत नाही. दिवस राहण्याची शक्यता असेल तर तेही सांगावं. झटके कमी करायला दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला घातक आहे. ऑरा येणाऱ्या स्त्रियांनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी त्याचा उल्लेख जरूर करावा, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. रोजच्या औषधाचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर वहीतल्या नोंदी चालू ठेवाव्यात आणि पुढच्या भेटीला ती वही सोबत न्यावी.